वेळेअभावी

1985 साली मी कनिष्ठ लिपिक म्हणून दिवाणी कोर्टात लागलो. पहिल्याच आठवड्यात माझ्या आधीच्या बेंच क्लार्कने मला रोजनामा लिहायला बसवलं. प्रत्येक दाव्याच्या बस्त्यात रोजनामा असतो. त्या तारखेला काय घडलं ते दोन ओळींत उतरवायचं आणि संध्याकाळी साहेबांची सही घ्यायची. कोर्टात घडायचं तेही ठरलेलं, त्यामुळे वाक्यंही ठरलेली. ‘वादी व वकील हजर.’ ‘प्रतिवादीतर्फे तहकुबीचा अर्ज. मंजूर.’ ‘साक्षीदार गैरहजर.’ ‘वकिलांची पुरसीस, जिल्हा न्यायालयात काम.’ अशी सात-आठ वाक्यं सांगून झाल्यावर गुरुजी थांबले, पान लावलं आणि म्हणाले, “यातलं काहीच बसत नसेल तेव्हा लिही, ‘वेळेअभावी तहकूब’. हे कशालाही चालतं.”

मी विचारलं, “कुणाच्या वेळेअभावी?”

“तेच तर त्याचं बरं असतं. कुणाच्या ते लिहावं लागत नाही.”

हा शब्द मी नोकरीत किती वेळा लिहिला याचा हिशेब लावायला बसलो तर झोप उडेल. रोजच्या बोर्डावर साठ ते ऐंशी प्रकरणं असायची. जेवणाची सुट्टी सोडली तर साहेब डायसवर साडेपाच तास, म्हणजे एका प्रकरणाच्या वाट्याला चार-पाच मिनिटं. त्यात एक साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला आणि त्याची उलटतपासणी रंगली की दीड तास गेला. राहिलेल्यांना तारीख. वेळ खरोखरच नसायचा, हे मी शपथेवर सांगेन. पण साहेब दुपारनंतर चेंबरमधून बाहेरच आले नाहीत, त्या दिवशीही मी तोच शब्द लिहिला. रोजनामा वाचून या दोन दिवसांतला फरक कुणालाही सांगता येणार नाही, मलाही नाही.

वाटपाचा एक दावा होता, 1991 साली दाखल झालेला. वादी एक विधवा बाई. वडील आधीच गेलेले, दोघे भाऊ सातबाऱ्यावर आपली नावं लावून मोकळे झालेले. तिने माहेरच्या वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा मागितला होता. मी त्या कोर्टात 1998 साली बदलून आलो, तेव्हा दावा पुराव्यालाही लागला नव्हता. सकाळची पहिली एसटी धरून ती यायची, व्हरांड्यात खांबाला टेकून बसायची, मांडीवर भाकरीचं फडकं. पुकारा झाला की आत येऊन हात जोडून उभी राहायची. तारीख पडली की वकील पुढच्या कोर्टात पळायचे आणि ती माझ्या टेबलाशी यायची. “दादा, कोणची दिली?” मी कागदाच्या कपट्यावर तारीख लिहून द्यायचो.

एका पावसाळ्यात तिचा वकील तिला म्हणाला होता की मागच्या तारखेला तू आलीच नव्हतीस. तिने माझ्यापुढे चंची उघडली. एका कप्प्यात सुपारी, एकात चुन्याची डबी आणि तिसऱ्यात ते कपटे. हजेरीचा पुरावा म्हणून तिने एकूण एक कपटा जपला होता. मी मोजले, सत्तेचाळीस निघाले. सुरुवातीचे दुसऱ्या कुणाच्या अक्षरातले, पुढचे सगळे माझ्या. तोवर विलंब म्हटलं की मला वकील दिसायचे, पक्षकार दिसायचे, फार तर साहेब दिसायचे. त्या दिवशी माझंच अक्षर दिसलं.

न्यायाधीशांना सरसकट दोष देणं सोपं आहे आणि ते खोटंही आहे. या बाईच्याच दाव्यातली पहिली बारा-तेरा वर्षं बहुतेक पक्षकारांनी घालवली. भावांनी कैफियत द्यायला दीड वर्ष घेतलं. मग एक भाऊ वारला. त्याचे वारस रेकॉर्डवर आणायला अर्ज, त्या वारसांना समन्स, त्यातला एक पोरगा मुंबईला, त्याचा पत्ता चुकीचा, बेलिफाचा अहवाल ‘इसम मिळून येत नाही’. मग मोजणीसाठी कोर्ट कमिशनर नेमला, त्याचा अहवाल, त्यावर हरकत. ज्याच्या ताब्यात जमीन असते त्याला निकालाची घाई नसते. त्याचा वकीलही मन लावून काम करत असतो, फक्त ते काम दावा न चालू देण्याचं असतं. आणि माझ्यासारखा क्लार्क पुढची तारीख कुठली ठेवायची ते बघताना कधी कुणाची सोय बघतो, हेही लिहिलं पाहिजे. चहा मी प्यायलो आहे. चहाच्या पुढे गेलो नाही, एवढंच म्हणू शकतो.

पण जुलै 2004 मध्ये दोन्ही बाजूंचा युक्तिवाद संपला. आता उरलं होतं ते फक्त साहेबांचं काम.

इथे कायदा थोडा सांगायला हवा. 1 जुलै 2002 पासून दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या दुरुस्त्या लागू झाल्या, तेव्हा आमच्या बाररूममध्ये सुतकात असावी तशी शांतता होती. कैफियत तीस दिवसांत, फार तर नव्वद दिवसांत. सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी नाहीत. आणि सुनावणी संपल्यावर निकाल शक्यतो तीस दिवसांत, अपवादात्मक परिस्थितीत साठ. 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नव्वद दिवसांची मुदत अगदीच दगडावरची रेघ नाही, तीन तहकुबींनाही अपवाद असू शकतो. मग बाररूममध्ये पुन्हा हसणं-खिदळणं सुरू झालं. तरी पक्षकाराने मुदत मोडली तर निदान काही तरी होतं. खर्च बसतो, कैफियतीशिवाय दावा पुढे जातो, पुरावा बंद होतो. न्यायाधीशाने साठ दिवस मोडले तर काय होतं, हे मी त्या नियमात पुष्कळदा शोधलं. पुढे काही लिहिलेलंच नाही.

बरं, साठ दिवस मोजायचे कुठून? ‘युक्तिवाद पूर्ण, निकालासाठी’ असं रोजनाम्यात लिहिलं त्या दिवसापासून. ते लिहिलंच नाही तर घड्याळ सुरूच होत नाही. दोन्ही वकील बोलून खाली बसले की काही साहेब मान वर न करता म्हणायचे, “अधिक युक्तिवादासाठी ठेवा.” वकिलांना कळायचं, मला कळायचं. पुढच्या तारखेला वकील उभे राहून नुसती मान हलवायचे आणि पुन्हा तारीख पडायची. बोर्डावर स्टेज ‘युक्तिवाद’. महिन्याअखेरीस जिल्ह्याला विवरणपत्र जायचं: किती दाखल, किती निकाली, किती शिल्लक, निकालासाठी राखून ठेवलेली किती आणि किती दिवसांपासून. त्या शेवटच्या रकान्यात ‘निरंक’ लिहिण्याचं काम माझं. माझं अक्षर चांगलं आहे. निरंक मी फार सुबक लिहायचो.

बाईच्या दाव्याला ‘अधिक युक्तिवादासाठी’ अकरा महिने मिळाले. दहा तारखा. त्या साहेबांना मी वाईट म्हणणार नाही. हुशार होते, कागद वाचायचे, पैशाला हात लावायचे नाहीत. पण त्यांना निकाल लिहिण्याची भीती होती. पुस्तकं उघडून बसायचे, दोन पानं डिक्टेट करायचे, स्टेनोकडून टाइप करून घ्यायचे आणि फाडून टाकायचे. वर अपील होईल, वरचं कोर्ट आपल्याबद्दल काय लिहील, हीच धास्ती. असे न्यायाधीश मी तीन-चार तरी पाहिले. विलंब म्हणजे आळस असं लोक समजतात. माझ्या अनुभवात आळसापेक्षा ही भीती जास्त दिवस खाते.

मग जून 2005 मध्ये बदली आली. आमच्याकडे बदल्यांचे आदेश उन्हाळ्यात निघतात आणि मेची सुट्टी संपली की नवे साहेब हजर होतात. गेलेल्या न्यायाधीशाने निकाल लिहून ठेवला असेल तर नवा न्यायाधीश तो वाचून दाखवू शकतो, संहितेत तशी सोय आहे. लिहिलाच नसेल तर युक्तिवाद पहिल्यापासून. बाईने विचारलं, “दादा, सायबांनी ऐकलं व्हतं की सगळं. ते कुठं गेलं?” मी काय सांगणार? ते साहेबांबरोबर गेलं.

महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर मात्र सगळ्या साहेबांचा एकच प्रश्न असायचा, “युनिट किती झाली?” न्यायाधीशाच्या कामाचं मोजमाप निकालांवर ठरतं, प्रत्येक प्रकारच्या निकालाला ठरावीक गुण, त्यांची बेरीज म्हणजे महिना. वर्षाच्या गोपनीय अहवालाला आणि पुढच्या बढतीला हाच आकडा लागतो. म्हणजे आमच्याकडे जबाबदारी नाही असं कुणी म्हणू नये. जबाबदारी आहे, पण ती बेरजेची आहे. आणि बेरीज कशी जमवायची हे बेंच क्लार्कइतकं कुणाला कळत नाही. चेक न वटल्याच्या प्रकरणातली तडजोड, गुन्हा कबूल करून दंड भरणारे, संमतीचा घटस्फोट, मागे घेतलेला दावा, अशी प्रकरणं मी सव्वीस-सत्तावीसच्या बोर्डावर हौसेनं लावायचो. लोकअदालतीच्या महिन्यात तर दिवाळी असायची. वाटपाच्या दाव्याचा दोन वीत जाडीचा बस्ता त्या दिवसांत साहेबांपुढे ठेवणं म्हणजे त्यांचा महिना बुडवणं. तो निकाल लिहायला आठ रात्री लागणार आणि त्याच आठ रात्रींत चाळीस सोपी प्रकरणं निघणार. कुठलाही शहाणा माणूस काय करेल ते तेच करायचे.

पुढे पाच वर्षांवरच्या, दहा वर्षांवरच्या प्रकरणांच्या वेगळ्या याद्या आल्या, त्यांची उद्दिष्टं आली. चांगली गोष्ट होती. तिचाही आम्ही तोडगा काढला. जुना वादी एखाद्या तारखेला आला नाही की ‘वादी गैरहजर, दावा काढून टाकला’. यादीतून एक जुनं प्रकरण कमी. मग वादीचा तो परत बोर्डावर घेण्याचा अर्ज, त्या अर्जाच्या तारखा, त्यावर समोरच्याचं म्हणणं. दोन वर्षांनी दावा पुन्हा त्याच जागी.

साहेबलोकांची दुसरी बाजू मी नाही लिहिली तर ते पाप होईल, कारण ती मी जवळून पाहिली. बत्तिसाव्या वर्षी तालुक्याला आलेली एक मॅडम. आठवड्यातले दोन दिवस शेजारच्या तालुक्याच्या कोर्टाचा जादा कार्यभार, कारण तिथली जागा रिकामी. रविवारी रिमांड. मधल्या वारी कायदेविषयक शिबिर. स्टेनो प्रसूतीच्या रजेवर, बदली नाही. संध्याकाळी पट्टेवाला बस्त्यांची ट्रंक त्यांच्या क्वार्टरवर नेऊन ठेवायचा आणि सकाळी आणायचा. मी एकदा रात्री साडेअकराला निरोप द्यायला गेलो तर त्या स्वयंपाकघरातल्या फरशीवर बस्ता सोडून बसल्या होत्या, तिथल्या खिडकीला वारा होता म्हणून. दर दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीश हवेत असं विधी आयोगाने 1987 साली सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली पाच वर्षांची मुदत घालून तेच पुन्हा सांगितलं. आजही आपण त्याच्या निम्म्यावर पोचलेलो नाही. त्या मॅडमला विलंबाचा जाब विचारायला मी कुणालाही पुढे होऊ देणार नाही. तिच्या रोजनाम्यातलं ‘वेळेअभावी’ अक्षरशः खरं होतं. अडचण एवढीच की आदल्या साहेबांच्या रोजनाम्यातही तेच लिहिलेलं होतं, आणि वरून बघणाऱ्याला दोघं एकाच मापाचे दिसत होते.

वेगाचं काय होतं तेही पाहिलं. एक साहेब आले ते पहिल्याच दिवशी म्हणाले, “सगळ्यांत जुना दावा आधी पुकारा. रोज.” तहकुबीचा अर्ज आला की विचारायचे, मागची तहकुबी कशासाठी होती? रोजनामा मला डायसवर वाचून दाखवायला लावायचे. वकील दुसऱ्या कोर्टात आहेत म्हटलं की पक्षकाराला विचारायचे, तुम्ही कोणाला वकीलपत्र दिलंय, खुर्चीला? रोजनामा स्वतः सांगून लिहून घ्यायचे: ‘न्यायालयाकडे वेळ उपलब्ध होता. प्रतिवादीचे वकील तयार नव्हते. खर्च रुपये अमुक.’ माझ्या आयुष्यात पहिल्यांदा रोजनाम्यात कुणाचा वेळ आणि कुणाची तयारी हे वेगवेगळं लिहिलं गेलं. चार महिन्यांत 1980 च्या दशकातले बहुतेक दावे संपले. पाचव्या महिन्यात बारने ठराव केला, त्यांच्या कोर्टात कुणी उभं राहायचं नाही. वर तक्रारी गेल्या: अर्वाच्य बोलतात, बाजू मांडू देत नाहीत. बोलायचे ते जरा कडक, हे खरं. चौदाव्या महिन्यात बदली झाली.

त्यांच्या जागी आले ते लोण्यासारखे. मागेल त्याला तारीख, न मागेल त्यालाही तारीख. वकिलाच्या मुलीच्या बारावीची चौकशी करायचे. त्यांनी तीन वर्षं पूर्ण केली. निरोपाला शाल, श्रीफळ, मोत्यांची माळ, आणि न्यायदानातल्या माणुसकीवर सहा भाषणं. त्या तीन वर्षांत त्यांच्याविरुद्ध एकही तक्रार नव्हती. यातून मी शिकलो ते हे की न्यायाधीशाविरुद्ध तक्रार करणारी जी माणसं असतात, त्यांना विलंबाचा त्रासच होत नाही. आणि मला दोघांपैकी कोण आवडायचे, असं विचाराल तर खरं सांगतो, दुसरे. सहाच्या आत घरी जाता यायचं.

ज्याला त्रास होतो त्याने दाद मागायची कुठे? 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने बिहारच्या एका खटल्यात यावर नियम घालून दिले. पाटणा उच्च न्यायालयात अपिलाची सुनावणी संपल्यावर जवळजवळ दोन वर्षांनी निकाल आला होता. तेव्हा ठरलं की उच्च न्यायालयात दोन महिन्यांत निकाल आला नाही तर मुख्य न्यायमूर्तींनी लक्ष घालावं. तीन महिने झाले तर पक्षकाराने अर्ज करावा. सहा महिने झाले तर प्रकरण दुसऱ्या खंडपीठाकडे देण्याची मागणी करावी. कागदावर वाचायला छान वाटतं. पण तो अर्ज लिहिणार कोण? त्याच न्यायाधीशापुढे वीस प्रकरणं चालू असलेला वकील? मी एवढ्या वर्षांत कुठल्याही कोर्टात ‘निकाल लवकर द्यावा’ असा अर्ज आलेला पाहिला तो एकदाच, आणि तोही पक्षकाराने स्वतः लिहिलेला, शाळेच्या वहीच्या पानावर. वकिलाने दुसऱ्या दिवशी तो मागे घ्यायला लावला. 2025 साली झारखंडमधल्या काही कैद्यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, कारण उच्च न्यायालयात त्यांच्या अपिलांची सुनावणी संपून दोन-तीन वर्षं झाली तरी निकाल नव्हता. मधल्या चोवीस वर्षांत तो अर्जाचा नियम कायद्याच्या पुस्तकात होताच.

तालुक्याचा न्यायाधीश निदान उच्च न्यायालयाच्या ताब्यात असतो, घटनेच्या 235 व्या कलमाने. त्याला मेमो निघतो, अहवालात शेरा बसतो, पन्नाशीला आणि पंचावन्नला त्याचं सगळं रेकॉर्ड तपासून घरी पाठवण्याची तरतूद आहे. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींच्या बाबतीत मात्र संसदेने पदावरून दूर करण्याखेरीज दुसरी ठोस वाट नाही, आणि त्यासाठी गैरवर्तन किंवा अक्षमता सिद्ध व्हावी लागते. असा एक प्रस्ताव 1993 साली लोकसभेत मताला आला आणि पडला. तोही पैशाच्या व्यवहारावरून होता, विलंबावरून नव्हे. न्यायाधीशांच्या उत्तरदायित्वाचं म्हणून एक विधेयक 2010 साली आलं, लोकसभेत 2012 ला मंजूर झालं आणि पुढे ती लोकसभाच संपल्यावर बाद झालं.

माझ्या मेव्हण्याचा मुलगा कॅलिफोर्नियात असतो. त्याने मला सांगितलं की तिथल्या राज्यघटनेतच लिहिलंय, एखादं प्रकरण निकालासाठी घेऊन नव्वद दिवस झाले आणि निकाल दिला नाही तर तोवर न्यायाधीशाला पगार मिळत नाही. त्याला वाटलं मी खूश होईन. मी म्हटलं, आमच्याकडे हे आणलं तर पहिल्याच महिन्यात काय होईल ते मला विचार. सगळे दावे ‘अधिक युक्तिवादासाठी’ जातील आणि एकाही साहेबाचा एक रुपया कापला जाणार नाही. कारण पगार कापायला आधी कुणीतरी खरी नोंद करावी लागेल. ती करणारा क्लार्क साहेबांच्या खाली बसतो.

2015 पासून कोर्टांची आकडेवारी सगळ्यांना संगणकावर दिसू लागली. मोबाइलवर आपल्या दाव्याची पुढची तारीख बघता येते, चंचीत कपटे ठेवायला नकोत. विलंबाच्या कारणांची यादीही आहे: वकील उपलब्ध नाहीत, आरोपी फरार, साक्षीदार मिळत नाही, कागदपत्रांची वाट, वरच्या कोर्टाची स्थगिती. मी चष्मा लावून ती यादी वरपासून खालपर्यंत वाचली. न्यायाधीशाच्या खाती जाईल असं कारण मला त्यात सापडलं नाही.

त्या बाईच्या दाव्याचं पुढे काय झालं हे सांगताना मला नेहमी अडखळायला होतं. निकाल 2006 साली आला. भाऊ आणि वडील यांच्यात आधी काल्पनिक वाटप धरायचं, मग वडिलांच्या तिसऱ्या हिश्शात तिन्ही भावंडं, असं गणित होऊन तिला नववा हिस्सा मिळाला. मधल्या काळात, 9 सप्टेंबर 2005 ला, मुलींना मुलांइतकाच हक्क देणारी दुरुस्ती लागू झाली होती. साहेब वेळेवर निकाल देते तर तो प्रश्न त्या कोर्टात उद्भवलाच नसता. नव्या साहेबांनी ठरवलं की वडील आधीच वारले असल्यामुळे दुरुस्ती लागू नाही. मग अपील, मग दुसरं अपील. बाई 2011 साली गेली. ऑगस्ट 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की दुरुस्ती लागू होताना वडील हयात असण्याची गरज नाही, आणि अपिलात अडकलेल्या दाव्यांतही मुलींना समान हिस्सा. नवव्याचा तिसरा झाला. दावा लांबवण्यात ज्यांनी आयुष्य घालवलं त्यांचंच विलंबाने नुकसान केलं, आणि जिचा फायदा झाला ती नव्हती. निवृत्तीनंतर बाजारात तिचा नातू भेटला. जमीन मिळाली का विचारलं. म्हणाला, “हुकूमनामा कलेक्टरकडं गेलाय वाटपाला. तिथून तहसीलदाराकडं, मग मोजणीला.” दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 54. तिथेही एक टेबल असतं आणि त्या टेबलावर तारखा देणारा एक माणूस असतो.

एक सांगायचं राहिलं. त्या अकरा महिन्यांतल्या सातव्या तारखेला बाई माझ्या टेबलाशी आली आणि नेहमीचा प्रश्न न विचारता म्हणाली, “आज काय झालं ते तरी लिवून द्या.” तिच्या हातात कपटा दिला, त्यावर नेहमीसारखी तारीखच. पण संध्याकाळी रोजनामे लिहायला बसलो तेव्हा तिच्या दाव्यावर माझ्या हातून ठरलेलं वाक्य उतरेना. मी लिहिलं: ‘उभय पक्षांचा युक्तिवाद यापूर्वीच पूर्ण. न्यायनिर्णय तयार नसल्याने पुढील तारीख.’ सत्तर रोजनाम्यांच्या गठ्ठ्यात साहेबांनी त्यावरही सही केली. न वाचता, जशी ते सगळ्यांवर करत. पुढच्या तारखेला मी तेच लिहिलं. असं चार वेळा झालं. माझी छाती तेवढ्यापुरती जरा फुगली होती, हेही लिहून ठेवतो.

नोव्हेंबर 2005 मध्ये वार्षिक तपासणी झाली. तोवर ते साहेब बढतीवर दुसऱ्या जिल्ह्यात गेले होते. तपासणीला आलेल्यांनी जुने बस्ते काढायला लावले, त्यात हा निघाला. रोजनाम्यात चार तारखांना ‘न्यायनिर्णय तयार नाही’, आणि त्याच चार महिन्यांच्या विवरणपत्रांत राखून ठेवलेल्या निकालांपुढे ‘निरंक’. दोन्हीकडे माझंच अक्षर. आठवड्याने माझ्या नावाने मेमो आला: उपरोक्त विसंगतीबाबत तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा. त्या अकरा महिन्यांसाठी कुणाला लेखी जाब विचारला गेला असेल तर तो मला एकट्याला.

दोन रात्री मी कोरा कागद पुढे घेऊन बसलो. घरात दोन मुली, मोठीची बारावी. सेवाज्येष्ठतेच्या यादीत माझं नाव वर आलेलं. बायकोने विचारलं, काय लिहिताय एवढं? तिसऱ्या दिवशी सकाळी मी चार ओळींचा खुलासा लिहिला. सदर प्रकरणी विवरणपत्रांतील माहिती बरोबर आहे. रोजनाम्यातील चार नोंदी माझ्याकडून नजरचुकीने झाल्या आहेत. यापुढे अशी चूक होणार नाही याची दक्षता घेईन. तरी क्षमा असावी.

खुलासा मान्य झाला. मार्चमध्ये मला वरिष्ठ लिपिकाची बढती मिळाली.